पीसी गेम: डिस्क की डाउनलोड? सिल्व्हर मॉलमधलं एक दुकान, स्टीम आणि जीओजी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक खोकं खाली आलं. त्यावर दादाच्या अक्षरात मार्करने लिहिलेलं होतं, 'गेम. टाकू नये.' दादा 2009 साली नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा ते खोकं माझ्या ताब्यात देऊन गेला, आणि लग्नानंतर मी ते इथे इंदूरमध्येच रामबागेतून सुदामानगरला आणलं. आत 23 गेम. काही सीडी, बाकी डीव्हीडी. चारपाच तर अजून पुठ्ठ्याच्या मोठ्या डब्यांत, ज्यांच्यात गेमसोबत जाडजूड मॅन्युअल यायचं. माझी लेक 11 वर्षांची आहे. तिने किल्ल्याचं चित्र असलेला डबा उचलला, मॅन्युअल उघडून तिथेच फरशीवर बसली आणि तासाभराने विचारलं, "आई, हा खेळायचा कसा?"

आमच्या लॅपटॉपमध्ये डिस्क घालायला जागाच नाही. नवीन डेस्कटॉप घ्यायला जा, कॅबिनेटवाला पुढच्या बाजूला तीन पंखे दाखवतो, ड्राइव्हचा कप्पा बहुतेक कॅबिनेटमधून गेलाय. म्हणून शनिवारी ऑफिस सुटल्यावर लेकीला घेऊन आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेले. त्या 23 मधले निम्म्याहून जास्त गेम तिथल्याच एका दुकानातून आलेले. हे लिहायचं कारण ते दुकान, आणि त्याच्या जागी आज आपण सगळे जिथून गेम विकत घेऊन डाउनलोड करतो त्या साइट, स्टीम आणि जीओजी. तिन्हीकडे मी स्वतःचे पैसे मोजले आहेत.

दुकानाचं नाव दुकानदार काकांनीच छापू नकोस म्हणून सांगितलंय. ते एकटे असतात आणि गर्दी झेपत नाही. दुकान आहे जेमतेम दहा बाय आठचं. पूर्वी डाव्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत पीसी गेमचे डबे असायचे, पाठ नाही, तोंड पुढे करून. आता त्या भिंतीवर कीबोर्ड, लॅपटॉपचे अडॅप्टर आणि ग्राफिक कार्डांची खोकी आहेत. काउंटरच्या काचेखाली प्लेस्टेशनच्या सेकंडहँड डिस्कची एक रांग. पीसीचा गेम एकही नाही. काकांनी मला पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अगं, तू तर त्या रामबागवाल्याची बहीण ना? दादा कुठेय हल्ली?" सोळा वर्षांनी. मला क्षणभर काही बोलताच येईना.

त्या काळी हे दुकान का चालायचं, ते आजच्या मुलांना सांगावं लागतं. आमच्या घरी तेव्हा 256 केबीपीएसचं ब्रॉडबँड होतं. त्या वेगाने एक डीव्हीडीभर गेम, म्हणजे 4.7 जीबी, उतरवायचा तर न थांबता 41 तास लागतात, आणि मध्ये लाइट गेली की काय होईल ते तुम्हाला माहीत आहेच. शिवाय स्टीमवर किंमत डॉलरमध्ये. नवीन गेम 50 डॉलरचा, म्हणजे तेव्हाचे अडीच हजारांच्या घरात रुपये, आणि त्यासाठी क्रेडिट कार्ड हवं, जे आमच्या बाबांकडे नव्हतं. भारतातल्या वितरकाने आणलेला तोच डबा काकांकडे 999 ला मिळायचा, वर्षभर जुना झाला की 499 ला. फुटपाथवर कॉपी मारलेल्या सीडी त्याहून कितीतरी स्वस्त होत्या, हे खरं. काकांनी त्या कधी ठेवल्या नाहीत आणि ठेवणाऱ्यांशी त्यांचं जमायचंही नाही.

पण दादाला आणि मला तिथे खेचून नेणारी गोष्ट किंमत नव्हती. काका गेम विकायच्या आधी विचारायचे, "घरी ग्राफिक कार्ड कोणतं आहे? की ऑनबोर्डच, वेगळं कार्ड नाही?" मग बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या पेनने लिहायचे: रॅम किती लागेल, कार्ड कोणतं चालेल, हार्ड डिस्कवर किती जागा मोकळी ठेवायची. एकदा दादा दोन महिने पैसे साठवून एक नवीन रेसिंगचा गेम घ्यायला गेला होता. नोटा काउंटरवर ठेवल्यासुद्धा. काकांनी त्या परत सरकवल्या. "तुझ्या मशीनवर नाही चालायचा हा. आधी कार्ड घे, मग ये. डबा मी ठेवतो बाजूला." दादा चिडला, रस्ताभर माझ्याशी बोलला नाही. पाच महिन्यांनी कार्ड घेऊन झाल्यावर गेलो तर डबा खरंच बाजूला ठेवलेला होता, वर चिठ्ठी चिकटवलेली. दुकानाला मी जे गुण देते त्यातले अर्धे या एका गोष्टीसाठी.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची नोंदवही. खेळून झालेला गेम महिन्याभरात परत आणला, डिस्कवर ओरखडा नसला, तर पुढच्या गेमवर अर्धी किंमत वजा. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही होती, किराणावाल्याकडे उधारीची असते तशी. आमच्यासारख्या घरातल्या मुलांना त्या वहीमुळे वर्षाला आठ-दहा गेम खेळायला मिळाले.

ती वही बंद का पडली, हे मला त्या शनिवारी नीट कळलं. मी समजत होते की इंटरनेट वेगवान झालं आणि दुकान बसलं. काकांचं म्हणणं तसं नाही. ते म्हणाले, "नेट नंतर आलं गं. आधी चावी आली." चावी म्हणजे डब्यात छापून येणारा कोड. स्टीम सुरू झालं सप्टेंबर 2003 मध्ये. नोव्हेंबर 2004 मध्ये 'हाफ-लाइफ 2' आला, तो डब्यातही मिळत होता, पण डिस्क घरी आणली तरी स्टीमवर खातं उघडून तो गेम त्या खात्याला जोडल्याशिवाय सुरूच होत नव्हता. पुढच्या काही वर्षांत एकेका कंपनीने हीच पद्धत उचलली. डब्यातली चावी एकदा एका खात्याला लागली की डिस्क दुसऱ्याच्या काय कामाची? परत आलेला डबा काकांनी विकायचा कोणाला? प्लेस्टेशनची डिस्क मात्र अजूनही एकाने दुसऱ्याला दिली तर चालते, म्हणून काचेखाली आज तीच रांग उरली आहे. म्हणजे फायबरची तार इंदूरमध्ये घरोघरी पोचायच्या कितीतरी आधीच पीसी गेमच्या दुकानाखालची जमीन काढून घेतलेली होती.

त्यानंतर तर डब्यात गेमच असेनासा झाला. सप्टेंबर 2015 मध्ये 'मेटल गिअर सॉलिड 5' पीसीवर आला तेव्हा डब्यातल्या डिस्कवर फक्त स्टीम इन्स्टॉल करायची काही एमबीची फाइल होती, अख्खा गेम डाउनलोड करायचा. 2018 च्या 'फॉलआउट 76' च्या पीसी डब्यात तर डिस्कसुद्धा नव्हती, नुसता कोड. मलाही असा एक डबा एकदा मिळाला. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या दुकानातून घेतलेला, नाव लिहीत नाही. प्लास्टिक फाडलं तर आत एक चिठ्ठी, चिठ्ठीवर 25 अक्षरं, आणि दुकानदार म्हणाला सील तुटलं की परत घेत नाही. मी त्या डब्याचे पैसे दिले की चिठ्ठीचे, हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. एप्रिल 2015 मध्ये 'जीटीए 5' चा पीसीचा डबा सात डीव्हीडींचा आला होता, तो हातात घेतल्यावर वजन तरी कळत होतं.

आता लेकीच्या किल्ल्याच्या गेमकडे येते. त्याचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण हे दुखणं त्या एकट्या गेमचं नाही.

काकांनी खणातून यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह काढला. डिस्क उजेडात तिरकी धरून बघितली, चष्म्याच्या फडक्याने पुसली. पुसताना लेकीला जवळ बोलावलं. "हे बघ बाळा, गोल गोल नाही पुसायचं. मधून बाहेर, सरळ रेषेत. माहिती गोल लिहिलेली असते. गोल ओरखडा पडला तर एकाच ओळीतलं पुष्कळ जातं. आडवा पडला तर थोडं थोडं जातं, ते ड्राइव्ह भरून काढतो." तिने उरलेल्या चार डिस्क तशाच पुसल्या, जीभ बाहेर काढून, फडकं दर वेळी उलटं करत. मग डब्याच्या मागची चावी तिने मोठ्याने वाचली आणि काकांनी टाइप केली. आठचा आकडा की बी, यावर दोनदा अडलं. इन्स्टॉल शंभर टक्के झालं. डेस्कटॉपवर किल्ल्याचा छोटा आयकॉन आला, तिने त्यावर दोनदा क्लिक केलं, आणि काहीच झालं नाही. काळी खिडकी नाही, चूक दाखवणारा संदेश नाही. नुसतं एकदा भोवरा फिरल्यासारखं झालं आणि थांबलं.

काका म्हणाले, "डिस्कचा दोष नाही. कुलूप जुनं आहे." त्या काळच्या पुष्कळ गेमवर कॉपी रोखण्यासाठी सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. ते कुलूप विंडोजच्या अगदी आतल्या भागात बसणाऱ्या एका ड्रायव्हरवर, म्हणजे छोट्या प्रोग्रामवर, चालायचं, आणि तो ड्रायव्हर सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचा ठरला. विंडोज 10 पासून त्याला आधारच नाही. बंद केला ते योग्यच केलं, आपला संगणक उघडा टाकून कोण गेम खेळणार? पण परिणाम असा, की पैसे देऊन घेतलेली, ओरखडा नसलेली, वीस वर्षं जपलेली डिस्क हातात आहे आणि ती उघडत नाही. 'डिस्क असली की गेम कायमचा आपला' असं मी इतकी वर्षं दादाला फोनवर सांगत आले होते. ते अर्धंच खरं निघालं. गेम डिस्कवर असतो की नेटवर असतो याने काही ठरत नाही. तो चालण्यासाठी दुसऱ्या कोणाची परवानगी लागते का, एवढंच विचारायचं.

आणि मग ज्या दुकानदाराचा धंदा डाउनलोडने गेला, त्याच दुकानदाराने मला सांगितलं, "जीओजीवर बघ. मिळेल."

मिळाला. जीओजी 2008 साली पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीने सुरू केलं. जुने गेम शोधून, त्यांची कुलपं काढून, आजच्या विंडोजवर चालतील असे करून विकायचे, हा त्यांचा मूळ धंदा. आता नवीन गेमही असतात, पण नियम तोच, विकलेल्या गेमला कुलूप नाही. सेल चालू होता. छप्पन दुकानवर आमच्या तिघांचा पोहे-जलेबीचा नाश्ता होतो त्याहून कमी पैशांत किल्ल्याचा गेम आला, मॅन्युअलच्या पीडीएफसकट. मी त्यांचं लाँचर, म्हणजे गेम उतरवून चालवणारं अ‍ॅप, घेतलंच नाही. साइटवरून सरळ इन्स्टॉलरची फाइल उतरवली, पेन ड्राइव्हवर घातली आणि एक गोष्ट करून बघितली. सासऱ्यांचा एक जुना डेस्कटॉप आहे, ज्याला नेट जोडलेलंच नाही. त्यावर पेन ड्राइव्ह लावून इन्स्टॉल केलं. खातं मागितलं नाही, चावी मागितली नाही, सुरू झाला. लेकीने रात्री साडेनऊपर्यंत एक तटबंदी उभी केली आणि लाकूड संपल्यामुळे तिचा दरवाजा राहून गेला. ती फाइल आता आमच्याकडे दोन ठिकाणी ठेवलेली आहे. उद्या जीओजी बंद पडलं तरी ती चालेल. डिस्कने मला जे वचन दिलं होतं ते या फाइलने पाळलं, हे मी मोकळेपणाने कबूल करते.

जीओजीची उणीव म्हणजे निवड. नवीन मोठे गेम तिथे उशिरा येतात, कित्येक येतच नाहीत. त्यासाठी स्टीम लागतं.

स्टीमवर माझं खातं 2016 पासून आहे. नोव्हेंबर 2015 मध्ये त्यांनी रुपयांत किमती सुरू केल्या आणि माझ्यासारख्यांसाठी दार तेव्हा उघडलं. आता यूपीआयने पैसे भरता येतात. घरी 100 एमबीपीएसची लाइन आहे, 100 जीबीचा गेम सव्वादोन-अडीच तासांत उतरतो. गॅसवर भाजी टाकून, कणीक मळून होईस्तोवर नाही, पण जेवणं आवरेपर्यंत नक्की. कुटुंबासाठीची सोय 2024 मध्ये आली, एका घरातल्या सहा जणांपर्यंत गेम वाटून खेळता येतात आणि मुलांच्या खात्यावर वेळेची मर्यादा घालता येते. आई म्हणून मला हे फार उपयोगाचं आहे.

सगळ्यात जास्त गुण मी परताव्याला देते. घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर गेम परत. मागच्या उन्हाळ्यात मी एक गेम घेतला, लॅपटॉप इतका तापला की मांडीवर ठेवता येईना, चित्र अडखळत होतं. 1 तास 10 मिनिटं झाली होती. अर्ज केला, कारण लिहिलं, पैसे परत आले. कोणाशी वाद नाही, 'सील तुटलंय' नाही. पण एक फरक मला जाणवतो. काका आधी 'नाही' म्हणायचे, स्टीम नंतर पैसे परत करतं. गेमच्या पानावर खाली लिहिलेलं असतं सगळं, कार्ड कोणतं, रॅम किती. पण नोटा परत सरकवणारा हात तिथे नाही, आणि सेलच्या दिवसांत तो हवा असतो. माझ्या खात्यात 61 गेम आहेत. त्यातले 20 मी एकदाही उघडलेले नाहीत. दादाच्या खोक्यातल्या 23 मधला न खेळलेला एकही नाही.

डाउनलोडमुळे एक मोठी गोष्ट घडली, ती दुकानांच्या काळात घडणं अवघड होतं. 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला, पीसीवर 2020 मध्ये आला. भावाला शोधायला निघालेली मुलगी, गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू, मध्ये मध्ये बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ, आणि राजस्थानी वाड्यांसारखे सज्जे-झरोके. आपल्याकडच्या एका छोट्या चमूने केलेला गेम जगभर एकदम पोचला तो कोणत्याही वितरकाच्या गोदामात न जाता. काकांच्या भिंतीवर त्याचा पीसीचा डबा कधीच आला नाही. मी लेकीबरोबर तो पूर्ण खेळले आणि माझ्या 61 मध्ये तो मला सगळ्यात जवळचा आहे.

आता स्टीमबद्दलची माझी खरी तक्रार. तिथे आपण गेम विकत घेत नाही, वापरायचा परवाना घेतो. हे पूर्वीही करारात होतं, पण लिहिलेलं कुठे दिसत नसे. कॅलिफोर्नियात सप्टेंबर 2024 मध्ये कायदा झाला की डिजिटल माल विकणाऱ्याने हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, तो जानेवारी 2025 पासून लागू झाला. त्या सुमारास स्टीमच्या कार्टमध्ये पैसे भरायच्या आधी ती ओळ दिसू लागली. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा बोट थांबलं. परवाना म्हणजे काय, हे 'द क्रू' घेणाऱ्यांना कळलं. 2014 चा गाड्यांचा गेम, पूर्णपणे ऑनलाइन चालणारा. 31 मार्च 2024 ला त्याचे सर्व्हर बंद केले आणि गेम संपला. ज्यांच्याकडे डबा होता, डिस्क होती, त्यांचाही संपला. त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली, आणि युरोपातल्या त्यांच्या अर्जावर 2025 मध्ये दहा लाखांवर सह्या झाल्या. मी युरोपात नाही, सही करू शकले नाही. करता आली असती तर पहिल्या दिवशी केली असती.

आणि स्टीमचं खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. दादाने मार्करने तीन शब्द लिहिले आणि 23 गेम माझे झाले, ते आता लेकीचे. माझे 61 गेम मी तिला असे देऊ शकत नाही. हे ज्यांना क्षुल्लक वाटतं त्यांनी एकदा आपल्या माळ्यावरचं खोकं उघडून बघावं.

तर मी आता कशी घेते ते सांगते. गेम एकट्याने खेळायचा असेल आणि जीओजीवर असेल तर तिथूनच घेते, स्टीमवर थोडा स्वस्त असला तरी, आणि इन्स्टॉलर त्याच दिवशी उतरवून ठेवते. बाकीचे स्टीमवर, तेही घरच्या मशीनवर दीड तास खेळून बघूनच ठेवायचे की परत करायचे ते ठरवते. फक्त ऑनलाइन चालणाऱ्या, एकट्यानेही नेटशिवाय न उघडणाऱ्या गेमला पूर्ण किंमत देत नाही. कोडची चिठ्ठी असलेला डबा तर अजिबात नाही.

आणि कार्ड, रॅम किंवा लेकीसाठी कंट्रोलर घ्यायचा असेल तर सिल्व्हर मॉल. ऑनलाइन दोनतीनशे रुपये कमी पडतात हे मला माहीत आहे. त्या दिवशी काकांनी अर्धा तास ड्राइव्ह वापरू दिला, डिस्क तपासून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. मी यूएसबी ड्राइव्ह त्यांच्याकडूनच घेतला, कारण खोक्यातल्या बाकीच्या डिस्क एकेक करून बघायच्या आहेत. कुलूप नसलेले सहा गेम आतापर्यंत सुरू झाले. बिलाच्या मागे त्यांनी निळ्या पेनने आमच्या लॅपटॉपवर काय चालेल ते लिहून दिलंय, लेकीने तो कागद अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवला आहे.

तुमच्याकडे जुन्या डिस्क असतील तर मॉलमध्ये कुणालाही विचारा, जुन्या गेमवाले काका कुठे बसतात. दुपारी चारनंतर जा, त्याआधी ते दुरुस्तीच्या कामात असतात. डिस्क डब्यासकट न्या, चावी बहुतेक वेळा डब्याच्या मागेच असते.